अप्पांना विचारून सांगते

अप्पा, परवा तुमचा मोबाइल वाजला.

घरात भेटायला आलेली माणसं बसली होती. आत्याबाई त्यांना तुमची शेवटची सकाळ सांगत होत्या. तुम्ही चहा घेतला, पेपर चाळला, दुकानाला निघायचं म्हणून दाराशी चपला घालायला बसलात आणि उठलाच नाहीत. आत्याबाई तेव्हा केजला आपल्या घरी होत्या, पण सांगतात अशा की तुमच्या चपला त्यांनीच हातात धरल्या होत्या. तुमची बहीण शोभते. मी माणसांना पाणी देत होते. तुमचा मोबाइल देवघराशेजारच्या फळीवर असतो तिथंच आहे. त्याला रोज चार्जिंगला मीच लावते. का, ते विचारू नका.

उचलला, तर नगरचा तो वाद्यांच्या दुकानाचा मालक.

"काका, त्या दोन्ही गिटारी बाजूला ठेवल्यात बरं का. तुम्ही मंगळवारी येतो म्हणाले होते, आले नाहीत. आता एक जण विचारतोय. कोणती ठेवू आणि कोणती सोडू, तेवढं सांगा."

मी म्हणाले, "मी त्यांची सून बोलते."

"हां ताई, तुम्हीच वाजवता ना? मग काकांना विचारून सांगा की."

आणि मी म्हणाले, "बरं. अप्पांना विचारून सांगते."

फोन ठेवला आणि पुन्हा पाण्याचा तांब्या उचलला. खोटं बोलायचं मनात नव्हतं. तोंडातून तेच आलं. या घरात लग्न होऊन आल्यापासून आपल्या भांड्यांच्या दुकानात मी हेच वाक्य बोलत आले आहे. गिऱ्हाईक भाव कमी करून मागतंय, कुणाला जुनं पितळ मोडीत घालायचंय, कुणाला लग्नाचा सगळा संसार घेऊन वर एक कळशी फुकट पाहिजे, सगळ्यांना माझं उत्तर एकच. निम्म्या वेळा मी तुम्हाला विचारायचेही नाही. नुसती मागच्या गोदामात जाऊन उभी राहायचे आणि परत येऊन सांगायचे, अप्पा नाही म्हणाले. तुम्हाला ते माहीत होतं.

या वेळी मात्र खरंच विचारायचं आहे. हलकी घेऊ की जड?

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मला रडू आलेलं नाही. आत्याबाई देवापुढं बसून रोज तुमच्याशी बोलतात, त्यामुळं ही तक्रार तुमच्यापर्यंत आली असेलच. "हिच्या डोळ्याला पाणी कसं न्हाई वो?" असं त्या माझ्यासमोरच शेजारच्या काकूंना म्हणाल्या. मी ऐकलं आणि भाजी चिरत राहिले. राग आला नाही. रागही येत नाही, हीच अडचण आहे. जेवायला बसले की जेवते. झोपले की झोप लागते. कोणी तुमचं नाव घेतलं की ते नाव ऐकू येतं आणि पुढं काही होत नाही.

त्या दिवशी तुम्हाला ओसरीत भिंतीला टेकवून बसवलं होतं. आपल्या लिंगायतांत माणसाला झोपवून नेत नाहीत, बसवून नेतात, हे मला माहेरापासून माहीत आहे. आजोबांना तसंच नेलेलं पाहिलं होतं. तरी तुम्हाला बघून माझं डोकं चालेना. कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात हार, मांडी घातलेली, पाठ ताठ. दुकानात गादीवर बसायचात अगदी तसेच. मला वाटलं, आता म्हणाल, "येवढी माणसं कावून गोळा झाली? गिऱ्हाईक हायत का नुसतेच बघे?" मी तुमच्यासमोर उभी राहून खरोखर वाट बघितली. मग कोणीतरी माझा दंड धरून मला बाजूला घेतलं.

गिटारीचं तुम्हाला आठवतं तसंच मलाही आठवतं का, ते एकदा पडताळून बघू. आपल्या दोघांच्या आठवणी कधी जुळायच्या नाहीत.

लॉकडाऊनमध्ये दुकानाला कुलूप लागलं आणि तुमचे हाल सुरू झाले. सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या. तुमचे चिरंजीव मंगेश पुण्याला नोकरीच्या गावी अडकलेले. घरात आपण दोघंच. तुम्ही स्वयंपाकघरात येऊन माझी भांडी पालथी करून त्यांच्या बुडाचे शिक्के वाचत बसायचात. एक दिवस मला ते सहन होईना म्हणून मी कपाटावरची मंगेशची कॉलेजातली गिटार खाली काढली. जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली होती. नायलॉनच्या तारांची. या प्रकाराला क्लासिकल गिटार म्हणतात, ती नुसत्या बोटांनी वाजवतात, हे मला मोबाइलवर कळलं. खुर्चीवर ताठ बसायचं, गिटार डाव्या मांडीवर घ्यायची आणि डाव्या पायाखाली काहीतरी ठेवून तो उंच करायचा. मी पायाखाली पातेलं पालथं घातलं.

तुम्ही दारातूनच ओरडलात. "पाय काढ! भांड्याला पाय लावायलीस? ह्या घरात?"

मी पाय काढला. तुम्ही पातेलं उचललंत, धोतराच्या सोग्यानं पुसलंत, कपाळाला लावलंत आणि घेऊन गेलात. मला वाटलं, संपलं, आता गिटारही जाणार. थोड्या वेळानं तुम्ही जेवायचा पाट घेऊन आलात आणि माझ्यापुढं आपटलात.

"घे. ह्याच्यावर ठीव."

"अप्पा, पाट बसायला असतो ना?"

"मग तुझा पाय बसंल त्याच्यावर. जास्ती बोलू नको."

असं माझं शिक्षण सुरू झालं. व्हिडिओतला माणूस परक्या भाषेत बोलायचा, मी त्याची बोटं बघायचे. तुम्ही ओसरीतल्या बाकावर बसायचात. पहिले काही महिने मी जे काही वाजवत होते त्याला वाजवणं म्हणायला जीभ वळत नाही, पण तुम्ही बाक सोडला नाहीत. छान वाजलं असं तुम्ही कधी, एकदाही, म्हणाला नाहीत. फार तर म्हणायचात, "आज लवकर बंद केलंस." मला ते पुरायचं. पुरायचं हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

आणखी एक राहून गेलं. आम्हाला मूल झालं नाही. आत्याबाई दर सणाला त्यावर बोलल्या, गल्ली बोलली, माझी आई बोलली. तुम्ही बोलला नाहीत. एकदा आत्याबाईंनी विषय काढला आणि वर म्हणाल्या, म्हणून तर ही दिवसभर ते टिंगटिंग करत बसती. तुम्ही ताटातून मान वर न करता म्हणालात, "तुझी जाऊ दिवसभर टीव्ही बघती, तिला लेकरं हायत. तिला कुणी काय म्हन्लं का?" आणि लगेच आमटी वाढून मागितलीत. मी ती वाढली. माझा ऊर भरून आला होता, अप्पा. तेव्हा मला सगळं कळत होतं, जाणवत होतं. आता तसं काही होईल तर बरं.

तारेचा किस्सा तुम्ही लोकांना सांगू द्यायचा नाहीत. आता सांगते, अडवायला या.

एक तार तुटली. तुम्ही माल आणायला बीडला गेला होतात, तिथून तारांचं पाकीट घेऊन आलात. चेहऱ्यावर असा आनंद, जणू घरात लक्ष्मी आणली आहे.

"नायलॉन म्हंजे सुतळी. सुतळीचा काय आवाज येनार? ही बघ, स्टील हाय. गंज न्हाई, काय न्हाई. जन्मभर बघायला नको."

मी म्हणाले, "अप्पा, या गिटारीला नायलॉनच्याच तारा लागतात. व्हिडिओत सांगतात."

"व्हिडिओवाला भांडी इकतो का?"

जन्मभर स्टील विकलेल्या माणसाला स्टील चुकीचं असू शकतं हे कसं पटवणार? भजनी मंडळाची पेटी दुरुस्त करणाऱ्याकडून तुम्ही त्या तारा चढवून घेतल्यात. त्यालाही काही माहीत नव्हतं, तारा म्हणजे तारा. गिटार अशी कर्कश झाली की मांजर पळालं. तुम्ही खूश. "आता वाजली!" म्हणालात. स्टीलच्या तारा फार जोरात ओढतात आणि नायलॉनच्या गिटारीला ती ओढ सोसत नाही, हे मी वाचलं होतं, पण तुमचा चेहरा बघून पुढं बोलले नाही.

काही दिवसांनी दुपारी आपण जेवत होतो आणि आतल्या खोलीत धाडकन आवाज झाला. तुम्ही "मांडणी पडली!" म्हणून उष्ट्या हातानं धावलात. मांडणी जागेवर होती. गिटारीची घोडी, म्हणजे ज्या लाकडी पट्टीला तारा बांधतात ती, खालच्या लाकडाचा टवका घेऊन उखडली होती. तुम्ही ते तुकडे हातात घेऊन उलटेपालटे करून बघत राहिलात. मला हसू आवरेना.

"कावून हसायलीस?"

"अप्पा, स्टील जिंकलं."

तुम्ही रागानं बघितलंत आणि मग तुम्हीच असे हसलात की ठसका लागला. संध्याकाळी म्हणालात, "दुसरी घेऊ. आपल्याला झेपंल अशी, पन खेळनं नको. आन् ह्या टायमाला म्या बघून घेनार."

इथूनच भांडण सुरू झालं.

मी मोबाइलवर वाचून वाचून डोकं भरून घेतलं होतं. परवडणाऱ्या गिटारीत बघायचं ते एवढंच, की पुढचं लाकूड प्लायचं नको, एकसंध फळीचं हवं. मान सरळ हवी. तारा मानेवरच्या पट्ट्यांपासून फार उंच नकोत, नाहीतर बोटं सोलतात. चकाकीला भुलायचं नाही. मी तुम्हाला हे रोज वाचून दाखवायचे आणि तुम्ही रोज म्हणायचात, "वस्तू हातात घेतल्याबिगर कळत न्हाई."

मग एके दिवशी दुकान बंद ठेवून आपण नगरला निघालो. आष्टीला गाडी थांबली तेव्हा लोक चहाला उतरले आणि तुम्ही उतरून रस्त्यापलीकडच्या भांड्याच्या दुकानात डोकावून आलात. कंडक्टर घंटी मारतोय आणि तुम्ही एक डबा हातात घेऊन टिचकी मारताय. गाडीत बसल्यावर मला समाधानानं सांगितलंत, "पत्रा पातळ हाय त्येचा." पुढं नगरपर्यंत तुम्ही आनंदात होतात.

नगरच्या दुकानात आपल्याला परवडतील अशा दोनच निघाल्या. एक काळीभोर, चकचकीत, आरशासारखी. दुसरी साधी, मधाच्या रंगाची, पुढं देवदाराची फळी. ही दुसरी खरं तर आपल्या आवाक्यातली नव्हती, पण दुकानात एकदा पडून तिच्या कुशीला ठोकर बसली होती, म्हणून तिची किंमत पहिलीएवढीच झाली होती. तुम्ही काय केलंत? दोन हातांत दोन्ही गिटारी धरल्यात, भाजीबाजारात दोन कोबी धरतात तशा, आणि खालीवर केल्यात.

"ही जड हाय," काळी पुढं करून म्हणालात. "वजनकाटा हाय का हो?"

मालकाला वाटलं तुम्ही थट्टा करताय. मला माहीत होतं की तुम्ही करत नाही. आपल्याकडं भांडं किलोवर जातं. जड ते जाड पत्र्याचं, जाड ते टिकाऊ, टिकाऊ ते चांगलं. यात चुकीचं काय आहे? अर्ध्या पाटोद्याचे संसार तुम्ही याच हिशोबानं उभे करून दिलेत आणि ती भांडी लेकी-सुनांपर्यंत गेलीत.

मालक समजावून सांगू लागला. "काका, गिटारीचं उलटं असतं. पुढचं लाकूड पातळ पाहिजे, मग ते हलतं, आवाज मोकळा येतो."

"पातळ पत्र्याचं पातेलं बी लई आवाज करतं. म्हनून घ्यायचं का?"

मग तुम्हाला ती ठोकर दिसली. तुम्ही तिच्यावरून अंगठा फिरवलात आणि मधाच्या रंगाची गिटार माझ्या हातात दिलीत.

"पोचा हाय हिला. पोचा गेलेलं भांडं म्या गिऱ्हाईकाला देत न्हाई. सुनंला देऊ?"

मी दोन्ही वाजवून दाखवल्या. काळीचा आवाज बाहेर पडायचा आणि तिथंच पडायचा. दुसरीचा आवाज निघाला आणि दुकानात राहिला, मी हात काढला तरी थोडा वेळ राहिला. मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही भुवया ताणून, मान एका बाजूला कलती करून ऐकत होतात.

"सारख्याच हायत," म्हणालात.

"सारख्या नाहीत, अप्पा."

"मला सारख्याच वाटल्या. आवाज सारखा, पैसा सारखा, मग टिकंल ती घे."

"मला हलकीच पाहिजे."

"जड घे, उमा. माझं ऐक."

शेवटी तुम्ही मालकाला म्हणालात, "दोन्ही ठिवा. मंगळवारी येतो." बसमध्ये मला सांगितलंत की पहिल्या चकरेत वस्तू घेणारं गिऱ्हाईक तुम्हाला आवडत नाही. तुमच्या दुकानात तसं गिऱ्हाईक आलं की तुम्ही किती खूश व्हायचात, ते मी बोलून दाखवलं. तुम्ही खिडकीबाहेर बघत बसलात.

मग घरी ते भांडण किती छान चाललं! चहाला चाललं, जेवताना चाललं, गिऱ्हाईकांसमोर चाललं. एका बाईला परात दाखवता दाखवता तुम्ही तिलाच विचारलंत, "तुमीच सांगा, वस्तू जड घ्यावी का हलकी?" ती म्हणाली, परात तर जडच बरी. तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत की निवाडा झाला. शनिवारी संध्याकाळी शटर ओढताना मी म्हणाले, मी हलकीच घेणार. तुम्ही म्हणालात, "बघू मंगळवारी." रविवारी सकाळी तुम्ही दाराशी बसलात. बघू मंगळवारी, हे आपलं शेवटचं बोलणं.

पुढचं तुम्हाला माहीत नाही, म्हणून सांगते.

शिवगणाराधनेच्या दिवशी, म्हणजे गेलेल्या माणसाच्या नावानं जेवण घालतात तेव्हा, पाहुण्यांना तुमच्या नावाची ताटली द्यायची असं ठरलं. सगळं गाव मेलेल्या माणसाच्या स्मरणार्थ द्यायची भांडी आपल्याच दुकानातून नेतं. तुमच्यासाठी कुठून आणायची, हा प्रश्नच नव्हता. आणि नाव घालायचं मशीन दुकानात माझ्याशिवाय कोणाला चालवता येत नाही. तुमचं अक्षर बिघडल्यापासून मीच घालते. मंगेश म्हणाले, राहू दे, जामखेडहून करून आणू. मी म्हणाले, नको. अर्धं शटर वर करून बसले. ताटल्या जाड पत्र्याच्या काढल्या. आधी कै. लिहायला गेले आणि थांबले, कारण तुम्ही प्रत्येक वेळी मागून ओरडायचात, "आपल्या मान्साला कै. न्हाई, लिंगैक्य घाल." मग तेच घातलं. लिंगैक्य विश्वनाथअप्पा यांच्या स्मरणार्थ. एक ताटली, दुसरी ताटली, रास होईपर्यंत. मशीन हातात गुरगुरत होतं आणि बोटं बधिर होत गेली. एकसुद्धा अक्षर वाकडं गेलं नाही. मला त्याचीच भीती वाटली. तुमचं नाव मी परक्या माणसाचं घालावं तसं घालत होते.

घरी येऊन गरम पाण्यात हात धरले. उजव्या हाताच्या बोटांच्या टोकांना पाणी गरम आहे की गार, कळेना. मशीनमुळं तसं होतं, दुसऱ्या दिवशी जातं. या वेळी दोन-तीन दिवस गेलं नाही.

त्यातच परवाचा तो फोन. माणसं गेल्यावर मी मंगेशना सांगितलं. ते तुमच्या खोलीत तुमचे सदरे घड्या करून पिशवीत भरत होते, भरलेले पुन्हा बाहेर काढत होते. त्यांचंही काही ठीक नाही, अप्पा. फक्त ते पुण्याच्या पद्धतीनं, न बोलता करतात.

"तुला आवडेल ती घे," ते म्हणाले.

"अप्पांना जड पाहिजे होती. दोन्हीचा आवाज सारखाच आहे म्हणाले."

मंगेशनी हातातला सदरा खाली ठेवला. "त्यांना सारखाच येणार. बारीक आवाज कुठं ऐकू येत होते त्यांना? डाव्या कानानं तर काहीच नाही. इतकी वर्षं ती भांडी आपटून आपटून गेला कान. तुला बोलले नाहीत?"

नाही बोललात. इतकी वर्षं मी शेजारी बसून दुकान चालवलं आणि तुम्ही मला पत्ता लागू दिला नाहीत. गिऱ्हाईक हळू बोललं की "भाव सांगताना लाजू नको, मोठ्यानं सांग" म्हणून हसवायचात. मला वाटायचं ही तुमची धंद्याची युक्ती. ओसरीतल्या बाकावर नेहमी उजवी बाजू आतल्या खोलीकडं करून बसायचात, मला वाटायचं वाऱ्यासाठी. वस्ताद आहात अगदी.

तेव्हापासून मी एकाच गोष्टीचा विचार करते आहे. बाकावर बसून तुम्हाला काय ऐकू येत होतं? जाड तारांचं गुणगुणणं तेवढं येत असेल. बारीक तारांवर मी जे महिनोन् महिने घोटलं, ज्याच्यासाठी नखं वाढवली आणि आत्याबाईंची बोलणी खाल्ली, ते तुमच्यापर्यंत येत होतं का? की तुम्ही नुसते बसून राहायचात? कानाला कळत नव्हतं म्हणून तुम्ही हातानं वजन करत होतात, अंगठ्यानं पोचा शोधत होतात. मला चांगली वस्तू मिळावी म्हणून तुमच्याकडं जे उरलं होतं ते सगळं लावत होतात. आणि मी बसमध्ये तुमची थट्टा करत होते. त्याचं वाईट वाटून घेत नाही, थट्टा तुम्हाला आवडायची. पण सांगायला काय झालं होतं?

एकदा मनात आलं, जडच घ्यावी. आत्याबाईंच्या भाषेत तुमची शेवटची इच्छा म्हणून. फोन हातात घेतलाही. मग वाटलं, ही तुमची इच्छा कुठं होती? हा तुमचा मुद्दा होता. इच्छा आहे असं म्हटलं की मला गप्प बसावं लागेल, आणि आपण कधी गप्प बसलो नाही. तुम्ही असताना ज्याला मी नाही म्हणत होते, त्याला तुम्ही गेलात म्हणून हो म्हणायचं, ही तुमची फसवणूक झाली. तुम्ही गिऱ्हाईकाला फसवलं नाहीत, मी तुम्हाला फसवू?

एवढं काल लिहून ठेवलं होतं. आज नगरला जाऊन आले.

निघताना आत्याबाई उंबऱ्यात उभ्या. "अजून मान्सं भेटायला यायलीत आन् ही बाजाराला निघाली. वरीसभर तरी ते वाजवणं बंद ठीव म्हनलं तर नवं आनायलीस?"

मी म्हणाले, "आत्याबाई, आपल्यात सुतक नसतं. तुमचे भाऊच सांगायचे."

"लोकं काय म्हंतील?"

मंगेश आतून म्हणाले, "आत्या, जाऊ दे तिला. अप्पांचं काम राहिलंय." तुमच्या मुलाला मी त्या क्षणी पहिल्यांदा नीट बघितलं, या सगळ्या दिवसांत. त्यांनी दाढी केली नव्हती आणि ते तुमच्यासारखे दिसत होते. बरोबर येऊ का म्हणाले. मी नको म्हणाले.

बसमध्ये शेजारी एक बाई बसली, कडबा महाग झाल्याचं सांगत राहिली. मी हो हो करत होते. मनात एकच पाठ करत होते की दुकानवाल्याला काय सांगायचं. वाक्य सोपं होतं. इतके दिवस घरात सगळे ते बोलत होते, येणारे-जाणारे बोलत होते, मी फक्त ऐकत होते आणि मान हलवत होते. मला ते कोणाला सांगावंच लागलं नव्हतं. गावात सगळ्यांना माहीत होतं.

दुकानवाल्यानं दोन्ही गिटारी बाहेर काढून ठेवल्या होत्या. माझ्यामागं रस्त्याकडं बघून म्हणाला, "काका गाडी लावतायत का?"

मी म्हणाले, "आधी वाजवून बघते."

काळी घेतली. मनापासून वाजवली, अप्पा, अर्धवट नाही. मग दुसरी घेतली. बोटांच्या टोकांना अजून नीट कळत नव्हतं, पण कानाला कळलं. फरक तोच होता. पहिल्या दिवशी होता तेवढाच. मी तुमच्या बाजूनं विचार करून बघितला, दोन हातांत दोन्ही उचलून बघितल्या. जड ती जडच होती. तुमचंही खरं होतं.

"काय म्हणाले मग काका? कोणती?"

"काका वारले," मी म्हणाले. "माझे सासरे. त्या दिवशी तुमचा फोन आला, तेव्हाही ते नव्हते. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

त्यानं पंखा लावला आणि स्टूल पुढं सरकवलं. माझ्या तोंडून ते वाक्य बाहेर आलं होतं, परक्या गावात, परक्या माणसापुढं, आणि ते खरं होतं. मी स्टुलावर बसले. मांडीवर गिटार होती म्हणून तिलाच धरलं. दोन गिऱ्हाईकं आली, त्यानं त्यांना हातानंच थांबवलं.

शेवटी म्हणाला, "ताई, सावकाश ठरवा. घाई नाही. मी दोन्ही ठेवतो अजून."

"ठरलंय," मी म्हणाले. "हीच."

आता घरी आले आहे. आत्याबाई आत आडव्या झाल्यात, मंगेश बाहेर कोणाशी तरी बोलत आहेत. हलकी घेतली, अप्पा. पातळ लाकडाची, पोचा असलेली. तुम्ही नको म्हणत होतात तीच. तुम्हाला पटलेलं नाही हे मला माहीत आहे आणि तुम्हाला पटवून द्यायला मला अजून बरंच बोलायचं होतं. मी एकटीनंच ठरवलं, तुम्हाला न विचारता. ओरडा की. जड घ्यायला पाहिजे होती म्हणा. काहीही म्हणा.

बोला ना, अप्पा.